पोफळी पडल्या त्या वर्षीचा पहिलवान

पत्र: ताई, माझं वय पंचावन्न. दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची माड-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच पाहुण्यांसाठी चार खोल्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, कितीतरी दिवस वीज नव्हती. जुलैत वीज आली तेव्हा मुलाने मन रमावं म्हणून फोनवर जपानची सुमो कुस्ती लावून दिली. त्याच स्पर्धेत तेरुनोफुजी जिंकला. तेव्हापासून मी एक स्पर्धा चुकवलेली नाही. त्यांच्या मोठ्या कुस्त्या आपल्याकडे दुपारी साडेबारा ते अडीच, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. मी मासे तळताना फोन मिठाच्या बरणीला टेकवून बघते. खोल्यांच्या उत्पन्नातून साडेतीन लाख बाजूला ठेवलेत. एकदा टोकियोला जाऊन हे डोळ्यांनी बघायचं आहे. मुलगा म्हणतो, एवढ्या पैशात युरोप होईल. जाऊबाई म्हणतात, लंगोटवाले बघायला जपान कशाला, काशी-रामेश्वर करून ये. आमचे हे काहीच बोलत नाहीत. त्यात तेरुनोफुजी निवृत्त झाला. आता जाऊ तरी कोणासाठी? आणि एकटी, तेही मोडक्या इंग्रजीवर. हे वेड आहे का?
— वाडीवाली, दापोली

ताई,

जा. पत्राच्या पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून कपाटातून एक कागद काढला. त्या कागदाचं शेवटी सांगते. आधी तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न घेते, कारण पैसे, भाषा, जाऊबाई हे सगळं त्यामानाने सोपं आहे. आपला माणूस आखाड्यातून गेल्यावर जायचं कोणासाठी?

२०१८ च्या जुलैत माझी मुलगी नोकरीसाठी नागोयात होती आणि मी तिच्याकडे महिनाभर राहिले होते. दर वर्षी सहा स्पर्धा होतात, त्यातली जुलैची नागोयात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा ती किल्ल्याच्या आवारातल्या जुन्या व्यायामशाळेत भरायची. मुलीने हौसेने दहाव्या दिवसाचं तिकीट काढलं. मलाही एका योकोझुनाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पदाच्या मल्लाचं, फार वेड होतं आणि त्याची आखाड्यात उतरायची पद्धत एकदा समोरून बघायची होती. आम्ही पोचेपर्यंत तो दुखापतीने घरी गेला होता. तो एकटाच नाही, त्या स्पर्धेत तिन्ही योकोझुना उरले नव्हते आणि त्याखालच्या पदावरचा नवा ओझेकीही बाहेर पडला होता. पाटीवर नावं नाहीत हे बघून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मुलीला कामावर जायचं होतं. तिने मला सकाळी नऊला दारात सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येते म्हणाली.

आत गेले तर हॉल जवळजवळ रिकामा. आखाड्यात सतरा-अठरा वर्षांची पोरं. टीव्हीवर दिसतात तसे रेशमी मावाशी (कमरेचे पट्टे) नाहीत, साधे काळे सुती. मीठ उडवणं नाही. पंच अनवाणी. नाव पुकारलं की चढायचं, नमस्कार करायचा, भिडायचं. फोनवर कधी ऐकू येत नाही असा आवाज त्या रिकाम्या हॉलमध्ये येत होता. दोन कपाळं एकमेकांवर आदळल्याचा. ओला नारळ दगडावर फोडावा तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून शेजारच्या खुर्चीचा हात धरला. एक हडकुळा मुलगा दोन सेकंदांत बाहेर फेकला गेला, उठला, हातावरची माती झटकून पुन्हा वाकून नमस्कार केला आणि माझ्याच बाजूच्या वाटेने आत गेला. जाताना त्याची छाती भात्यासारखी हलत होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी त्याचं नाव घेऊन काहीतरी म्हटलं. त्याने बघितलं नाही, पण कानाची पाळी लाल झाली. त्या आजी रोज सकाळी यायच्या असं मला नंतर खुणांनी कळलं. उकाड्याने मी घामाघूम झालेली बघून त्यांनी आपल्या पिशवीतला दुसरा कागदी पंखा माझ्या हातात दिला आणि परत घेतलाच नाही.

संध्याकाळपर्यंत माझा योकोझुना मी विसरले नव्हते. पण मी रडत बाहेर पडले नाही. ती स्पर्धा मिताकेउमी नावाच्या मल्लाने तेरा विजय मिळवून जिंकली, त्याचं ते पहिलं विजेतेपद.

म्हणून तुम्हाला माझा मुख्य सल्ला हा आहे, ताई: एका माणसासाठी जाऊ नका, आखाड्यासाठी जा आणि सकाळपासून बसा. तेरुनोफुजी अजून खेळत असता तरी मी हेच सांगितलं असतं. त्याचे गुडघे कसे होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. विमानाचं तिकीट काढून तुम्ही पोचला असता आणि तो चौथ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला असता, असंही झालं असतं.

आणि विचार करा, तुम्हाला त्याचं नेमकं काय आवडलं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं मला कळलं. २०१५ मध्ये तो ओझेकी झालेला, म्हणजे शिखराच्या एक पायरी खाली. मग गुडघे गेले, मधुमेह, यकृताचं दुखणं, आणि घसरत घसरत २०१९ च्या मार्चमध्ये खालून दुसऱ्या गटात, जोनिदानमध्ये येऊन पडला. एकदा ओझेकी झालेला माणूस इतका खाली जाऊन पुन्हा उभा राहिला, असं त्याच्याआधी कधी झालं नव्हतं. कुस्ती सोडतो म्हणून तो वस्तादांकडे पुन्हा पुन्हा गेला आणि वस्तादांनी सोडू दिलं नाही. ज्या सकाळच्या रिकाम्या हॉलबद्दल मी सांगते आहे, तशाच रिकाम्या हॉलमध्ये, तशाच सकाळी, माजी ओझेकी असून तो पोरांबरोबर कुस्ती करत होता. तुम्ही जुलै २०२० मध्ये पाहिलात तो त्या चढणीचा वरचा टप्पा. सकाळचा भाग तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. पोफळी आडव्या पडल्यात आणि माणूस पुन्हा खड्डे खणतोय, हा भाग सकाळी असतो. (त्या वर्षी लावलेली रोपं आता धरायला लागली असतील ना? पुढच्या पत्रात लिहा.)

साधारण सहाशे मल्लांतल्या वरच्या सत्तरांनाच पगार मिळतो. बाकीचे तालमीत राहतात, स्वयंपाक करतात, थोरल्यांची सेवा करतात आणि पंधरा दिवसांत सात कुस्त्या खेळतात. हानाकाझे नावाचा एक मल्ल १९८६ मध्ये आला आणि २०२२ च्या जानेवारीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. तोपर्यंत तो एकदाही त्या सत्तरांत पोचला नव्हता. तुमच्या-माझ्या वयाच्या आसपास तो सकाळी दोह्योवर, म्हणजे त्या मातीच्या आखाड्यावर, चढत होता.

आता वेळ. इथे तुम्हाला कॅलेंडर दोन्हीकडचं बघायला लागणार. टोकियोत स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबरला. सप्टेंबर बहुतेक वर्षी गणपतीत अडकतो, तो विचार मनातसुद्धा आणू नका. कोकणातली बाई गणपती सोडून जपानला बसली तर तिचं मन तिथे लागणार नाही. मे महिन्यात तुमच्या चारही खोल्या भरलेल्या, आंबा उतरलेला, माहेरवाशिणी आलेल्या. मार्चची ओसाकाची शिमग्याच्या तोंडावर येते. जुलैची नागोयाची आपल्या लावणीच्या दिवसांत. नोव्हेंबरची फुकुओकाची मला स्वतःला फार आवडेल, समुद्राकाठचं शहर आहे, विमानतळ गावातच. पण तुमचा जीव टोकियोच्या कोकुगिकान या सुमोच्या हॉलमध्ये अडकलाय, कारण २०२० ची ती जुलैची स्पर्धा साथीमुळे नागोयाऐवजी तिथेच झाली होती. म्हणून जानेवारी. नववर्षाची गर्दी ओसरलेली असते आणि सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीला पाहुणे यायच्या आत बहुतेक वर्षी तुम्ही परत येता. थंडी मात्र कडक. तुमच्या पेटीतली शाल पुरणार नाही. गरम बनियन, जाड मोजे, कानटोपी घ्या. हॉलमध्ये उबदार असतं, त्रास बाहेरचा.

पंधरा दिवस बसायची गरज नाही. स्पर्धा रविवारी सुरू होते. दुसऱ्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार, म्हणजे नववा ते बारावा दिवस, असे चार दिवस धरा. शनिवार-रविवारची तिकिटं सगळ्यात आधी संपतात आणि शेवटच्या दिवसाच्या मागे लागाल तर डोकं फिरेल. नवव्या दिवसापर्यंत कोण पुढे, कोण मागे ते ठरत आलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक कुस्तीला जीव असतो. चार तिकिटं न मिळाली तर दोन घ्या. एकावर मात्र जाऊ नका. पहिल्या दिवशी माणूस नुसता भांबावतो.

तिकिटं स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात, सुमो संघटनेच्या अधिकृत तिकीट संकेतस्थळावर. ते इंग्रजीतही आहे. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. मुलाला युरोपचं बोलायचंच असेल तर त्याला सांगा, त्या दिवशी पहाटे उठून दोन फोन घेऊन बस, तेवढं कर. परदेशातल्या खरेदीसाठी कार्ड बँकेतून आधी चालू करून घ्या, नाहीतर ऐन वेळी पैसे जात नाहीत आणि डोळ्यांसमोर जागा निघून जातात. दलालाकडून दुपटीने घेऊ नका. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: टोकियोत पर्यटकांसाठी ‘सुमो शो’ असतात, जेवता जेवता निवृत्त मल्ल चार डाव दाखवतात. ते वाईट असतं असं नाही, पण ती स्पर्धा नव्हे. माझ्या ओळखीच्या एका बाईंना एका सहल कंपनीने ‘सुमो दाखवतो’ म्हणून तिथे नेलं आणि त्या कोकुगिकान बाहेरून बघून परत आल्या. बहुतेक सहली चेरी फुलायच्या दिवसांत जातात, तेव्हा टोकियोत स्पर्धा नसतेच.

जागा वरच्या मजल्यावरची घ्या, खुर्चीची. खालचे चौकोनी खण चार माणसांचे असतात, चपला काढून गादीवर मांडी घालून बसायचं, आणि ती जागा चार जपानी माणसांनाही तंग होते. तुमचे गुडघे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत तसे टिकणार नाहीत. अगदी आखाड्याजवळच्या जागी तर खाणंपिणं नाही, फोटो नाही, आणि दीडशे किलोचा माणूस अंगावर येऊन पडायची शक्यता. वरून सगळं चौरस दिसतं. घरातली छोटी दुर्बीण असेल तर घ्या.

वरून दोह्यो बघाल तेव्हा तुम्हाला तो परका वाटणार नाही, हे मी पैजेवर सांगते. दिवाळीच्या तोंडावर आपण खळं करतो ना, माती घालून, पाणी मारून, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करतो? दोह्यो तसाच करतात. यंत्र नाही. मल्लांची नावं पुकारणारे ते योबिदाशी असतात ना, तेच स्वतः माती वाहतात, तुडवतात, लाकडी चोपण्यांनी बडवतात. कडेचं वर्तुळ भाताच्या पेंढ्यात माती भरून केलेलं. पेंढ्याला आकार यावा म्हणून रिकाम्या बिअरच्या बाटल्यांनी ठोकतात. वर्तुळ साडेचार मीटरचं. आणि नीट बघा, चारही दिशांना एकेक पेंढ्याची वळी जरा बाहेर सरकवलेली दिसेल. पूर्वी कुस्त्या उघड्यावर व्हायच्या तेव्हा पावसाचं पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली ती वाट. आता छपराखाली पाऊस कुठला, पण वाट तशीच ठेवलीय. मला ते कळलं तेव्हा आमच्या खळ्याच्या कोपऱ्यातली पाटवण आठवली. कडेला रेटलेला मल्ल त्या बाहेरच्या वळीवर टाच टेकवून वाचतो, हे तर तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. टाचेला तेवढीच चार बोटं जागा जास्त मिळते.

मातीच्या मध्यात तांदूळ, मीठ, सुका माकूल, समुद्री शेवाळ असलं पुरून पूजा करतात, वर देवळासारखं छप्पर टांगलेलं असतं. जाऊबाईंना हे सांगून पटवायला जाऊ नका मात्र. काशी-रामेश्वर त्यांची इच्छा आहे, त्यांनी जावं, तुम्हीही पुढे कधी जाल. ही तुमची हौस आहे. हौसेला तीर्थयात्रेचं सोंग द्यायची गरज नाही. ‘लंगोटवाले’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की हनुमान जयंतीच्या फडावर आपले मल्ल काय नेसून उतरतात.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर टोचणार नाही. त्या दोह्योवर बाईने पाऊल ठेवायचं नाही हा त्यांचा नियम आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये माइझुरू गावी भाषण करता करता तिथले महापौर दोह्योवरच कोसळले. वैद्यकीय ज्ञान असलेल्या बायका धावून वर चढल्या, तर बायकांनी खाली उतरावं अशी घोषणा माइकवरून झाली. संघटनेच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली, पण नियम तसाच आहे. मला हे खटकतं, आणि खटकत असूनही मी सुमो बघते. आपल्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थांबवलेल्या बायका आपणच आहोत, त्यामुळे तुम्हाला मी वेगळं काय समजावू? तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.

पैशांचं. साडेतीन लाखांत एका माणसाचे आठ-दहा दिवस नीट बसतात, खरेदीचा हात आवरला तर. विमान आणि राहणं हे दोन मोठे खर्च. राहायला छोट्या व्यावसायिक हॉटेलातली खोली घ्या, ती आपल्या देवघराएवढी असते पण स्वच्छ असते. फक्त एक बघा. हे साडेतीन लाख कौलांचे, विहिरीच्या पंपाचे किंवा रोपांचे नाहीत ना? निसर्गनंतरच्या पुढच्याच मेमध्ये तौक्तेही किनाऱ्याजवळून गेलं. वाडीवाल्या माणसाने वादळाचा डबा वेगळा ठेवायला हवा आणि त्याला सुमोसाठी हात लावायचा नाही. तो डबा वेगळा असेल तर हे पैसे तुमच्या चार खोल्यांच्या चादरी धुवून आलेले आहेत आणि त्याचा हिशेब युरोपात मांडायची मुलाला गरज नाही.

व्हिसा लागतो, आधी काढावा लागतो. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, कुठे राहणार, कोणत्या दिवशी काय करणार याचा कागद मागतात. इथे आपल्या बायकांची एक अडचण होते: खोल्यांचं काम सगळं आपण करायचं आणि पैसे जातात नवऱ्याच्या खात्यात. तुमच्या नावावर काय दिसतं ते आजच तपासा. काही दिसत नसेल तर नवरा किंवा मुलगा खर्च करतोय असं पत्र आणि नात्याचा पुरावा जोडता येतो. पण मी तुमच्या जागी असते तर यापुढे निदान दोन खोल्यांचे पैसे माझ्या खात्यात घेतले असते. पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव आणि बँकेत नंतरचं, असला घोळ असेल तर तो आधी निस्तरा. त्याला सगळ्यात जास्त वेळ जातो.

भाषेची भीती सोडा. मी नागोयात महिनाभर ‘सुमिमासेन’ आणि ‘आरिगातो’ (माफ करा, धन्यवाद) या दोन शब्दांवर काढला. फोनवर भाषांतर होतं, पाट्यांचे फोटो काढले तरी अर्थ कळतो. ट्रेनसाठी एक कार्ड मिळतं, पैसे भरून ठेवायचे आणि दाराशी टेकवायचं. ऱ्योगोकू स्टेशनला उतरलात की कोकुगिकान अगदी लागूनच आहे, रंगीत उभे झेंडे दिसतील. राहायची जागाही त्याच भागात बघा. सकाळी त्या स्टेशनवर तुम्हाला खालच्या गटातली पोरं दिसतील, जानेवारीच्या थंडीत पातळ सुती युकाता (अंगरखा) आणि पायात लाकडी खडावा. जाड कोट घालायची परवानगीसुद्धा वर चढल्यावर मिळते. त्यांच्या केसांच्या तेलाचा गोडसर वास गाडीच्या डब्यात मागे राहतो. तो वास फोनमधून येत नाही.

आखाड्यातली भाषा तर तुम्हाला येतेच. पूर्व-पश्चिम कोण, ‘हाक्केयोई’ कधी ओरडतात, पंचाने पंखा कुठे वळवला. तुमच्या शेजारी बसलेल्या निम्म्या पर्यटकांपेक्षा तुम्हाला जास्त कळत असेल.

खायची काळजी आपल्याला नाही. भाजलेला बांगड्यासारखा मासा, वाफाळता भात आणि वाटीभर सूप हे तिथलं साधं रोजचं जेवण. आपला बांगडा-भातच, फक्त तिखट नाही. मिरचीचं लोणचं न्या. सोमवार किंवा संकष्टी पाळत असाल तर मात्र सावध, कारण साध्या दिसणाऱ्या सूपातही माशाचं पाणी असतं. त्या दिवसांसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि मेतकूट पिशवीत ठेवा. कोकुगिकानच्या तळघरात कोंबडीचे तुकडे काडीला लावून भाजतात, ते सगळे खातात. कोंबडी दोन पायांवर उभी राहते, हात टेकत नाही, म्हणून मल्लांना ती शुभ. एरवी सकाळी तालमीतला सराव बघायचा असेल तर बहुतेक ठिकाणी ओळख आणि जपानी येणारं माणूस लागतं. अराशिओ तालमीला मात्र रस्त्याच्या बाजूने मोठ्या काचा आहेत, बाहेर उभं राहून गुपचूप बघता येतं. स्पर्धेच्या दिवसांत सराव कमी असतो, हे धरून चला.

आणि ‘हे’. काहीच बोलत नाहीत असं लिहिलंत. मला यात राग दिसत नाही, मला भीती दिसते. वाडी, खोल्या, गडी, सगळं आठ दिवस त्यांच्या अंगावर येणार आणि तुम्ही परमुलखात एकट्या. त्यांच्याशी ‘जाऊ का’ असं बोलू नका. तारखा लिहिलेला कागद पुढे ठेवा, रोज रात्री किती वाजता फोन येईल ते सांगा, खोल्या त्या आठवड्यात बंद ठेवायच्या की शेजारणीला हाताशी घ्यायचं ते दोघं मिळून ठरवा. आणि एकदा विचाराच, येता का म्हणून. नाही म्हणाले तर मन मोडू नका, हो म्हणाले तर खर्च पुन्हा मांडा. जायच्या आधीची नोव्हेंबरची स्पर्धा त्यांना शेजारी बसवून दाखवा. कुठल्या दिवशी तुम्ही कुठे बसलेल्या असाल ते त्यांना डोळ्यांपुढे आणता येईल.

तेरुनोफुजी आता इसेगाहामा तालमीचा वस्ताद आहे. काळ्या कपड्यांत कडेला बसणारा पंच म्हणून किंवा एखाद्या दारापाशी तो दिसलाच तर लांबून नमस्कार करा. नाही दिसला तर त्याची पोरं दिसतील, सकाळच्या रिकाम्या हॉलमध्ये, काळ्या सुती मावाशीत.

गुरुवारी तुमचा शेवटचा दिवस, शुक्रवारी निघाल, शनिवारी रात्री वाडीत. रविवारी दुपारी स्पर्धेचा पंधरावा दिवस आहे. त्या दिवशी पाहुण्यांना जेवण अकरालाच वाढा, गॅस बंद करा आणि शेवटच्या कुस्त्या ओटीवर बसून बघा.

आता तो कागद. स्पर्धेआधी सगळ्या मल्लांची नावं पदानुसार हाताने लिहून छापतात, ती बान्झुके. वरच्या ओळीत योकोझुना-ओझेकींची नावं ठळक, आणि खाली खाली अक्षर केसासारखं बारीक होत जातं. जुलै २०१८ ची नागोयाची बान्झुके मी आठवण म्हणून आणली होती. तुमचं पत्र आल्यावर मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला भिंग धरून नावं वाचायला लावली. अर्धा तास लागला. तेरुनोफुजी त्या स्पर्धेत खेळला नव्हता, गुडघ्यामुळे आलाच नव्हता, आणि नाव वरच्या सत्तरांतून बाहेर पडून बारीक अक्षरांत गेलेलं होतं. पण आहे. मी त्याच्याखाली शिसपेन्सिलीने टिंब केलं आहे. कागद पुठ्ठ्यात घालून या पत्रासोबतच तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. चष्मा लावून बघा, दुसऱ्या ओळीत आहे.